राजाच्या मागचा पडदा

नानांच्या घरी चहा असा सहज मिळत नाही. आधी राजासमोरच्या लाकडी खुर्चीत बसायचं, पाठ ताठ, हात मांडीवर, आणि नाना "हं" म्हणेपर्यंत हलायचं नाही. मी मेहरूणला नानांच्या शेजारी राहायला आलो त्या संध्याकाळी माझ्या नाकावर डास बसला. मी हात उचलला.

"हाललात भो," नाना दुःखानं म्हणाले आणि स्वतः आत जाऊन अर्धा कप चहा घेऊन आले. मोजून अर्धा.

राजा म्हणजे एक जुना, तपकिरी पडलेला फोटो. नानांचं शिंदखेड्याला मंडप-डेकोरेशनचं दुकान होतं तेव्हा धुळ्याच्या जुन्या बाजारात तो त्यांना सापडला. पाच-सहा वर्षांचं पोर, डोक्यापेक्षा मोठी पगडी, पायापेक्षा लांब तलवार, मागे मखमली पडदा. कुठल्या संस्थानाचा राजपुत्र, ते वाळवीला ठाऊक. नाव तिनंच खाल्लं.

"त्या वक्ताना कॅमेरा बैलगाडीसारखा धिमा," नाना सांगत. "पोर हाललं की तोंड पुसलं गेलं समजा. आणि हा बघा. पापणी हालली नाही."

"पण नाना, त्याला तरी पूर्ण कप मिळाला होता का?" मी खोडी काढली.

नानांनी खरोखर विचार केला. "त्याले दूध भेटनं व्हई."

तर असे हे नाना. गंमत म्हणून मीही तासन्‌तास राजासारखा बसे. मग नातवाचं लग्न ठरलं, धुळ्याला, आणि घरातली गंमत थांबली.

नानांच्या बायकोला, अक्कांना, कंपवात. मान सारखी हलते. कोणी बघतंय म्हटलं की जास्तच. साखरपुड्याचे फोटो आले, त्यात सगळे होते आणि अक्कांच्या जागी चेहऱ्याचा नुसता डाग. अक्कांनी तो फोटो उलटा ठेवला आणि सांगून टाकलं, "मी लग्नाला येत नाही. पोराच्या अल्बममध्ये मी भूत नको."

मुलानं समजावलं, सुनेनं हात जोडले. अक्का ढिम्म. नानांनी त्या दिवसांत मला खुर्चीत बसवलं नाही. भरलेला कप आणून देत. मी तो अर्धाच पीत असे.

शेवटी नाना अक्कांशी काय बोलले देव जाणे, पण अक्का लग्नाला आल्या. अक्षता पडल्या, फोटोची वेळ झाली. नाना स्टेजवर चढले, सोफा बाजूला सारला, एक खुर्ची मांडली आणि मंडपवाल्याकडून मागून आणलेलं मखमली कापड तिच्यावर अंथरून मागे जमिनीपर्यंत सोडलं. अक्कांना बसवलं. आणि मग, भर मांडवात, धोतर सावरत, हे ऐंशीला टेकलेले गृहस्थ खुर्चीमागे त्या कापडात शिरले.

वऱ्हाडात खसखस पिकली. सून लाजेनं लाल झाली. मी धावत जाऊन कापडापाशी वाकलो. "नाना, काय चाललंय?"

आतून शांत आवाज आला. "तुम्ही बठ्ठा जण राजाले देखतस. मी मंडपवाला, मी कापडले देखस. त्याच्या मागचा पडदा सरळ पडत नाही. आत माणूस शे. त्याची दाई व्हई. पोराले धरी बठेल शे."

अक्कांच्या पदराखालून एक सुरकुतलेला हात वर आला आणि त्यांच्या मानेला टेकला. दाबला नाही, नुसता टेकला. मान हलत होती. मग कमी हलली. मग अक्कांनी डोळे वर करून कॅमेऱ्याकडे पाहिलं.

नवरा-नवरी दोन्ही बाजूंना उभे राहिले. फोटो निघाला. फोटोग्राफरनं कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहून मान डोलावली.

"छान आला आजी. आता आजोबा, बाहेर या. तुमचा दोघांचा जोडीनं एक काढू."

कापड हललं नाही. अक्कांनी पदर सारखा केला.

"ऱ्हाऊ दे भाऊ," त्या म्हणाल्या. "आमना दोन्हीस्ना फोटो निंघना."