पुढच्या सीटवर शंभर किलो

देव मागे जाणार नाहीत, असं अप्पांनी सकाळीच जाहीर केलं आणि तिथूनच गौतमच्या पिकअपचं नाक खाली जायला लागलं. गिरगावातली चाळ पाडायला काढली होती आणि अप्पांचं बिऱ्हाड वडाळ्याला मुलाच्या, अर्णवच्या फ्लॅटवर निघालं होतं. मागे कपाटं, गाद्या आणि चपलांचं पोतं ठासून भरलेलं; अर्णव मोटरसायकलने मागून येणार होता. तिथे देव बसतील? छे! ते बसले ड्रायव्हरशेजारी. पाठोपाठ अप्पांच्या बायकोचं, कालिंदीबाईंचं शिलाई मशीन आलं. शेजारच्या शेवंतीताईंनी "मागे तेल सांडेल हो," म्हणत लोणच्याच्या दोन बरण्या पुढेच टेकवल्या. शेवटी अप्पा पाटा-वरवंटा सांभाळत आले, तो पायाशी ठेवला आणि स्वतः चढले. गाडीचं नाक आणखी बसलं आणि पुढचं टायर आता पत्र्याला घासतंय की काय, असं दिसायला लागलं.

"काका, उतरा!" गौतम ओरडला. "पुढची स्प्रिंग आधीच बसलीये. मला सोडून शंभर किलो, बास! जास्त झालं की स्टेअरिंग जड आणि ब्रेक मारला की नाक जमिनीला. तो पाटा मागे टाका."

"चपलांशेजारी? आणि खड्ड्यात आपटून तडा गेला म्हणजे?"

"मग राहू दे ना इथेच," अर्णव म्हणाला. "घरी मिक्सर आहे, अप्पा."

अप्पांचा चेहरा पडला. कालिंदीबाईंना जाऊन दहा महिने झाले होते. चाळीस वर्षं वाटून वाटून त्यांनी त्या दगडाला मधोमध खळगा पाडला होता. त्यांच्या हाताचं एवढंच काय ते उरलं होतं.

"तुझ्या बारशाला तुझ्याआधी हा वरवंटा पाळण्यात निजवला होता," ते म्हणाले. "थोरला भाऊ आहे तुझा. त्याला टाकून जायचं?"

"अहो, पण वजन!"

वजन! गोदीत चौतीस वर्षं मालाची वजनं लिहिलेल्या माणसाला हे पोर वजन शिकवणार! अप्पांनी एकेक वस्तू हाताने उचलून पाहिली. "देव चौदा. मशीन बारा. बरण्या नऊ. मी पासष्ट. झाले शंभर. पाटा-वरवंटा सतरा." बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आपल्याच तोंडाने आपण पाटा खाली उतरवला.

"अंदाज चुकला असेल," ते घाईने म्हणाले. "काट्यावर घालू."

तळमजल्यावरच्या भंगारवाल्याच्या काट्यावर सगळं चढलं. देव चौदा भरले. मशीन बारा, बरण्या नऊ. पाटा-वरवंटा बरोब्बर सतरा. एरवी अप्पांनी चाळभर मिरवलं असतं. आज आपण बरोबर ठरलो याचंच त्यांना रडू येत होतं.

"तुम्ही पाटा घेऊन जा," ते म्हणाले. "मी बसने येतो."

"अहो, तुमचं वजन राहिलंच की," गौतम म्हणाला. "चढा."

अप्पा चढले. काटा अठ्ठेचाळीसवर थांबला.

"बिघडलाय हा," अप्पा म्हणाले. उतरले, परत चढले. अठ्ठेचाळीस.

गौतमने बोटांवर हिशेब केला आणि उडालाच. "आयला काका, सतरा कमी! पाटा बसला की! शंभरला शंभर!"

अर्णव मात्र हसला नाही. "रोज फोनवर विचारायचो, जेवलात का. भरपेट, म्हणायचात."

अप्पा काट्यावरच उभे होते. "एकट्यासाठी कुठे गॅस पेटवायचा रे," ते हळूच म्हणाले.

अर्णव पुढे झाला. त्याने पाटा उचलला, शर्टाच्या बाहीने पुसला आणि नेऊन पुढे ठेवला. मग बापाला हात देऊन वर चढवलं. गाडी हातभर सरकली; टायर कुठेच घासलं नाही.

"पण काका," गौतम किल्ली फिरवत म्हणाला, "सुनेच्या हातचं खाऊन परत पासष्टचे झालात, तर येताना पाटा बसायचा नाही हां!"

"परत कोण येतंय," अप्पा म्हणाले आणि वरवंटा मांडीवर नीट धरून बसले.