गजभिये काका चपला घालतात

नागपुरात नवी एकांकिका लिहिणारा माणूस परीक्षकांना घाबरत नाही, गजभिये काकांच्या पायांना घाबरतो. काका प्रयोगाला आले की आधी चपला काढतात, जोडीनं खुर्चीखाली ठेवतात आणि अनवाणी पाय फरशीवर टेकून बघायला लागतात. पाय अनवाणी आहेत तोवर एकांकिका ठीक चालली आहे. लिखाण खोटं व्हायला लागलं की उजव्या पायाचा अंगठा चपलेचा पट्टा शोधू लागतो, मग डाव्या पायाचा. दोन्ही चपला पायात गेल्या की लेखकानं समजावं, इथून पुढची पानं फाडायची आहेत. काका उठून जात नाहीत, शेवटपर्यंत बसतात. पण लेखकाचं तेवढ्यात व्हायचं ते होऊन जातं.

काका शहराला लागून असलेल्या वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात माल उतरवून घ्यायचे. निवृत्त झाले, तरी राहतात तिथंच, भाड्याच्या खोलीत, एकटे. निवृत्तीच्या आधी एकदा आमच्या नाट्यसंघाच्या सेटच्या लेव्हल्स, म्हणजे लाकडी चौथरे, घेऊन टेम्पोबरोबर आले होते. सामान उतरवलं, टेम्पो गेला, काका तालीम बघत राहिले आणि पुढच्या रविवारी पुन्हा आले. बोलावलं कुणी नव्हतं.

गोदामात खोका हातात घेऊन हलवायचा, कान लावायचा, आत काही फुटलंय का ते ओळखायचं, हे त्यांचं कसब. तेच त्यांनी नाटकाला लावलं. मी शाळेत शिकवते म्हणून मला बाई म्हणतात. "बाई, आतमधी माल हलून राहिला," एवढंच त्यांचं समीक्षण. सहा वर्षं मी हे ऐकते आहे आणि दर वेळी माझं तोंड कडू होतं, कारण घरी जाऊन माझं लिखाण पाहावं तर माल खरोखर हललेला असतो.

एकांकिका स्पर्धेची प्राथमिक फेरी सकाळी नऊला सुरू होते, तेव्हा सभागृहात तीन परीक्षक, पुढच्या संघाची रंगवलेल्या तोंडांची मंडळी आणि काका, एवढीच वस्ती असते. अंतिम फेरीला गर्दी होते, तिकडे ते फिरकत नाहीत. जुन्या नाटकांनाही जात नाहीत. एकदा विचारलं तर म्हणाले, "जुनं त्यायनं लिवून ठेवलं, ते कुठं पळून जाते? नव्याचं आज पाहिलं नाही तं पाहायचं कोनं?" स्टेजवर रिकामी खुर्ची ठेवून तिच्यावर प्रकाश टाकणाऱ्यांचा त्यांना राग आहे. माणूस मारून लगेच अंधार करणाऱ्यांचा त्याहून जास्त. लिहिणारे अंधार करून पळून जातात, असं काका म्हणतात.

कामठीच्या एका संघानं मागच्या वर्षी यंत्रमागवाल्यांची एकांकिका केली होती. मागाचा खडखडाट सतत चालू, माणसं एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलतात, आणि घरी गेल्यावरही त्यांना हळू बोलता येत नाही. लिहिणारा कुणी बावीस वर्षांचा होता. काका टाळ्या वाजवत नाहीत, तेव्हाही वाजवल्या नाहीत. पण अनवाणीच सभागृहाबाहेर निघाले आणि ऊन लागल्यावर चपलांसाठी परत आले. त्या लेखकाला बक्षीस मिळालं नाही, पण आमच्यापैकी प्रत्येकानं त्याचा हेवा केला.

मीही कमी नाही. माझ्या एका एकांकिकेच्या प्रयोगाला मी त्यांच्या चपला गुपचूप मागच्या रांगेत सरकवल्या. चौदाव्या मिनिटाला पाय खुर्चीखाली चाचपडू लागले आणि शेवटपर्यंत चाचपडत राहिले. पडदा पडल्यावर काका वळले आणि शांतपणे म्हणाले, "बाई, चप्पल लपवली तरी माल हलतेच." त्यांच्या पायांकडे आमचं लक्ष असतं हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं.

अशा या माणसाला मी यंदा स्वतःच्या हातानं गमवायला निघाले होते.

झालं असं, की गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी तालमीला आम्ही दोघंच वेळेवर आलो. चहा घेता घेता काकांनी मला त्यांच्या मुलीबद्दल सांगितलं. सुजाता. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मूत्रपिंडं गेली. तीन वर्षं डायलिसिस. शेवटच्या काही महिन्यांत काका रोज कामावर जायच्या आधी वॉर्डात जाऊन तिच्या केसांना तेल लावून द्यायचे, कारण तिची आई आधीच गेली होती. शेवटी शांत गेली, म्हणाले. चहा संपला, बाकीचे आले, विषय संपला. मी घरी गेले आणि बारा दिवसांत एकांकिका लिहिली. त्यांना विचारलं नाही. नाव बदललं, मुलीला नर्सिंगऐवजी फार्मसीला घातलं आणि लेखक असंच करतात अशी स्वतःची समजूत घातली. मनातून कळत होतं की ही चोरी आहे. काका उठून गेले तर आमचा एकमेव खरा प्रेक्षक जाईल, हे झालंच. पण त्यांचा तर रविवारच जाईल. त्यांना दुसरीकडे जायला जागा नव्हती.

तरी मी थांबवलं नाही. एकांकिका चांगली झाली होती आणि मला ती सोडवत नव्हती. हे लिहिताना लाज वाटते.

प्रताप नगरमधल्या आमच्या शाळेच्या वर्गात पहिली सलग तालीम ठेवली. दिग्दर्शक प्रफुल्लला आणि मुलीची भूमिका करणाऱ्या रुचिताला ही गोष्ट कुणाची ते ठाऊक नव्हतं. दोन बाकं जोडून पलंग केला होता. काकांनी चपला काढल्या. केसांना तेल लावायचा प्रसंग आला तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे पाहायचं टाळलं, पायांकडे पाहिलं. पाय हलले नाहीत. पंचवीस मिनिटं हलले नाहीत. मग शेवटी रुचिता बापाचा हात धरून म्हणते, बाबा, तुम्ही माझ्यासाठी सगळं केलंत, माझ्या मनात काही नाही. तिथं काकांनी दोन्ही चपला घातल्या.

तालीम संपली तर प्रफुल्ल खूश. अख्ख्या एकांकिकेत एकच जागा फसली, यापेक्षा काय हवं? तो वही-पेन घेऊन काकांसमोर जाऊन बसला आणि विचारू लागला, तिथं माल का हलला ते नीट सांगा. असल्या ठिकाणी वही काढायचं आम्हा नाटकवाल्यांनाच सुचतं. मला वाटत होतं, जमीन दुभंगावी.

 काका प्रफुल्लला सोडून माझ्याकडे बघून बोलले.

"ते माफ केलं तेवढं खोडा, बाई. तिनं माफ नाही केलं."

"काका, तुम्ही म्हणाला होतात शांत गेली."

"लोकायले तसंच सांगतो मी. दुपारच्या पाळीले जायची वेळ होती. म्हणे बाबा, आज जाऊ नका, बसा. मी म्हटलं, गोदामात गाडी आली आहे वं, खाली करून आलोच. तिनं तोंड फिरवलं भिंतीकडं. बोलली नाही काहीच. मी गेलो. आलो तं झालं होतं. माफ तुमी करून टाकलं. ते तुमच्या हातात नाही."

प्रफुल्लनं वही मिटली. मी म्हटलं, एकांकिका मागे घेते, स्पर्धेला नाव अजून दिलेलं नाही. काका म्हणाले, मागे कशाला घ्यायची, करा, फक्त खरं करा. मग नेहमीसारखे वाडीच्या बसला गेले. पुढच्या रविवारी ते येणार नाहीत, याची मला खात्री होती. आठवडाभर मी काही धड जेवले नाही.

शेवट नव्यानं लिहायला मला पाच मिनिटं लागली, कारण खोडायचंच जास्त होतं. मुलगी म्हणते, आज बसा. बाप म्हणतो, आलोच. ती भिंतीकडे तोंड करते. बाप जातो. अंधार करायचा नाही. पाठमोरी मुलगी तशीच दिसत राहते.

काका आले. दोन मिनिटं उशिरा आले, पण आले. तालीम सुरू झाली. शेवटचा प्रसंग आला, रुचितानं भिंतीकडे तोंड केलं, बापाचं काम करणारा निघून गेला.  प्रफुल्लनं झालं म्हणून सांगितलं आणि रुचिता उठू लागली, तेवढ्यात काका खुर्चीवरून उठले आणि हातानंच तिला म्हणाले, राहू दे. त्यांनी आपली खुर्ची उचलली, जोडलेल्या बाकांजवळ नेऊन ठेवली आणि तिच्या पाठीशी बसले.

पोरगी शहाणी. ती वळली नाही, पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

आम्ही एकेक करून वर्गाबाहेर निघालो. मी दाराशी होते, म्हणून मला ऐकू आलं.

"आज गाडी नाही," काका तिला म्हणाले. "बसतो मी."