परबकाका, ओला आणि सुका

आमच्या इमारतीत कोणाला ताप आलाय, हे डॉक्टरच्या आधी परबकाकांना कळतं. ते कोणाच्या घरात डोकावत नाहीत, ते कचऱ्यात डोकावतात. सकाळी सातला अंगात बनियन, कमरेला लुंगी आणि हातात स्वयंपाकघरातला जुना चिमटा, अशा थाटात ते गेटजवळच्या हिरव्या आणि निळ्या डब्यांसमोर उभे राहतात आणि झाकण उघडतात. मग "दुसऱ्या मजल्यावर खोकल्याचं औषध संपलं वाटतं," असं स्वतःशीच, पण पार्किंगपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात.

काका मूळचे मालवणकडचे. सारी हयात त्यांनी टपालाच्या वर्गवारीत काढली. समोर पत्रांचा ढीग आणि भिंतीला गावांच्या नावांचे खण. निवृत्त झाले, खण सुटले, पण हात काही सुटला नाही. मुलुंड पूर्वेच्या आमच्या तीन मजली इमारतीत ओला आणि सुका कचरा वेगळा करायचा नियम लागू झाला, तेव्हा बाकीच्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. काकांना मात्र सरकारनं आपल्याला पुन्हा कामावर बोलावल्यासारखं वाटलं.

त्यांचं एक वाक्य इमारतीतल्या पोराटोरांनाही पाठ आहे. चहाचा चोथा निळ्या डब्यात दिसला की काका म्हणतात, "पत्ता चुकला." एवढंच म्हणून थांबत नाहीत, तर चुकलेली वस्तू मूळ मालकाच्या दारात पोचती करतात. एका रविवारी मी दार उघडलं तर काका चिमट्यात पिझ्झ्याचं खोकं धरून उभे. "आत चीज चिकटलंय. खरवड आणि मग सुक्यात दे. आणि मेल्या, पोरांना असलं रोज घालतोस?" माझी बायको तेव्हापासून पिझ्झा आणला की खोकं ऑफिसच्या बॅगेत घालून माझ्याबरोबर पाठवते.

माझ्या चुलत भावाच्या लग्नात तर कहर झाला. हॉलच्या मागच्या बाजूला पत्रावळी आणि प्लॅस्टिकचे ग्लास एकाच पिंपात चाललेले बघून काकांनी सिल्कच्या झब्ब्याच्या बाह्या सारल्या. केटररला वाटलं, हा आपलाच माणूस. तो खेकसला, "ओ बुवा, हात चालवा जरा, दुसरी पंगत बसतेय." काकांनी हात चालवला. अक्षता पडल्या तेव्हा ते कोपरापर्यंत मठ्ठ्यात होते आणि मी त्यांना इतकं खूश त्याआधी बघितलं नव्हतं.

त्यांना उलट बोलण्याची हिंमत एकटीतच आहे, ती म्हणजे शालनताई. शालनताई इमारत झाडते, जिने पुसते, डबे पालिकेच्या गाडीवर चढवते. नवरा नाही, दोन मुली शिकतायत, आणि आमच्यासारख्या चार इमारतींवर घर चालतं. एकदा काका तिला नारळाच्या करवंटीबद्दल व्याख्यान देत होते. तिनं सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "काका, डब्यात एवढं बघता, कधी आरशात पण बघा. बनियन उलटं घातलंय." दोघांची ही जुगलबंदी रोज चाले. काकी दोन वर्षांपूर्वी गेल्या, मुलगा तिकडे दूर कॅनडात. दिवसभरात काकांशी सलग पाच मिनिटं बोलणारं माणूस म्हणजे शालनताई, हे तेव्हा आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

आणि मग मला नोटीस आली.

मी इमारतीचा सेक्रेटरी आहे. हे पद मला माझ्या गुणांमुळे मिळालं नाही, त्या मीटिंगला मी उशिरा पोचलो म्हणून मिळालं. नोटिशीत लिहिलं होतं की मागच्या गल्लीतल्या नाल्याच्या कठड्यावर माझं नाव आणि पत्ता असलेला कचरा सापडला आहे, तरी माझ्यावर कारवाई का करू नये, याचा खुलासा वॉर्ड ऑफिसात सुनावणीला हजर राहून करावा. मी आयुष्यात कधी नाल्याकडे फिरकलो नव्हतो. पण सरकारी शिक्का बघितला की मला आपण काहीतरी केलंच असेल असं वाटायला लागतं.

आमचे चेअरमन कर्णिक साहेब म्हणाले, "सोपं आहे. सफाईवालीनं टाकला म्हणून लिहून द्या. तिला कामावरून कमी केलंय म्हणा. विषय संपला."

"पण तिनं टाकला का?" मी विचारलं.

"मग काय तुम्ही टाकलात?"

मी पत्र लिहिलं. लाज वाटते सांगायला, पण लिहिलं आणि सहीही केली. शालनताईला फक्त साक्षीला यायला सांगितलं. कच्चा मसुदा फाडून टाकून दिला, आणि इथंच माझी अक्कल शेण खायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. काकांच्या हातात माझा मसुदा, सगळे तुकडे चिकटपट्टीनं नीट जोडलेले.

"पत्ता चुकला," काका म्हणाले. आवाज नेहमीसारखा नव्हता. "शालननं टाकला काय? ती पिशवीचे कान बांधते, दोनदा. ते ऑफिसवाले मला पिशवी दाखवू देत, मी सांगतो कोणाची ती. माका दिसता सगळा. मी येणार सुनावणीला."

"तिला सांगितलंत?"

"नाही. तू सांगणार की मी, ते परवा सुनावणीला ठरेल."

सुनावणीच्या दिवशी आम्ही तिघं रिक्षानं गेलो. काका इस्त्रीचा शर्ट घालून, शालनताई ठेवणीतली साडी नेसून आणि मी खिशात ते पत्र घेऊन. ते पत्र मला वाटभर टोचत होतं. दुसऱ्या मजल्यावर बाकावर आमच्याआधी एक चिकनवाला आणि एक शहाळेवाला बसले होते. शहाळेवाला सगळ्यांना सांगत होता की शहाळं हे फळ आहे, कचरा नाही.

आमचा नंबर लागला. टेबलापलीकडे तिशीतल्या मॅडम होत्या, चेहरा दमलेला, पण आवाज साधा. त्यांनी फाईल उघडेपर्यंत काकांची नजर टेबलाखाली गेली होती. तिथं एकच टोपली होती. काका वाकले. मी त्यांचा शर्ट मागून धरला, पण उशीर झाला होता.

"काय शोधताय?" मॅडमनी विचारलं.

"चहाचा कप कागदात पडलाय," काका म्हणाले आणि कप काढून खिडकीत ठेवला. मॅडमनी त्या कपाकडे बघितलं. मग माझ्याकडे वळल्या.

"दळवी तुम्ही? हा फोटो बघा. पाकीट तुमचंच ना?"

फोटोत नाल्याचा कठडा होता. त्यावर माझ्या नावाचं जाड पिवळं कुरियरचं पाकीट, सुतळीनं बांधलेलं, एका कोपऱ्यातून फाटलेलं. फटीतून भात बाहेर आला होता. पाकीट माझंच होतं. मी ते आठवड्यापूर्वी सुक्यात टाकलं होतं.

"खुलासा काय तुमचा?"

माझा हात खिशाकडे गेला. शालनताई माझ्या शेजारीच बसली होती. मुलीच्या शाळेची वेळ होत आली असणार, कारण ती सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. माझा हात तिथंच थांबला. मी धीट झालो असं मुळीच नाही, पत्र बाहेर काढायला बोटंच वळेनात.

तेवढ्यात काकांनी फोटो स्वतःकडे ओढला. चष्मा कपाळावर चढवला, परत खाली घेतला.

"मॅडम," ते म्हणाले, "ही गाठ माझी."

मॅडमनी मान वर केली.

"टपालाची थैली बांधायची गाठ आहे ही. दोन वेढे आणि खालून फास. आमच्या इमारतीत दुसऱ्या कोणाला येत नाही. पण मी कचरा नव्हता टाकला हो. अन्न ठेवलं होतं, कावळ्यांना. सुक्या डब्यातलं एखादं पाकीट घेऊन त्यात भात बांधून नेतो आणि चोचीपुरता कोपरा फाडून रोज सकाळी ठेवतो. तुम्ही कचरा म्हणालात म्हणून मला कळलंच नाही की हे माझं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "एवढा भात? कावळे किती येतात?"

"दोन."

"मग उरलेलं अन्न ओल्या डब्यात का नाही टाकत? तुम्हाला तर नियम माझ्यापेक्षा जास्त माहीत दिसतात."

काकांनी मान खाली घातली. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. "हिरवा डबा ही उचलते," शालनताईकडे न बघता ते म्हणाले. "मी सगळ्यांना अन्न फुकट घालवू नका म्हणून सांगत फिरतो. माझ्याकडून रोज वाडगाभर भात जातोय, हे हिला दिसलं असतं."

"एकट्याला एवढा भात लावता कशाला, काका?" शालनताईनं विचारलं.

"माप तुझ्या काकीचं आहे," काका म्हणाले. "पितळेचं. दोघांचा भात बरोबर एका मापात व्हायचा. अर्धं भरायला जातो आणि हात होत नाही."

मॅडमनी फाईलीत काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, "लेखी समज देऊन प्रकरण बंद करतेय. कावळ्यांना मूठभर ठेवा, आपल्या खिडकीत. नाल्यावर नको. आणि दळवी, तुमचा काही वेगळा खुलासा?"

"नाही," मी म्हणालो. इतक्या आनंदानं मी आजवर कोणाला नाही म्हटलं नव्हतं.

 जिना उतरून खाली आल्यावर मी पत्र काढलं आणि शालनताईला दिलं. न दाखवता फाडलं असतं तर चाललं असतं, पण मग मला तिच्याकडे बघता आलं नसतं. तिनं ते पूर्ण वाचलं. मग म्हणाली, "सही चांगली आहे तुमची. पोरीच्या फॉर्मवर करायची आहे एक, जामीन म्हणून. येते रविवारी." मी मान हलवली. ती शिक्षा होती की माफी, मी विचारलं नाही. तिनं पत्राचे चार तुकडे करून माझ्या हातात दिले आणि काका लगेच म्हणाले, "पिन काढ आधी."

रिक्षात शालनताई मध्ये बसली होती. पुलाजवळ गाडी अडकली तेव्हा ती समोर बघतच बोलायला लागली. "काका, मी साडेबाराला जिन्यात बसून डबा खाते. उद्यापासून तुमच्याकडे येते. भाजी माझी, भात तुमचा. पण जेवताना काय कुठल्या डब्यात जातं ते शिकवायचं नाही."

"माशाचे काटे मात्र..."

"ओल्यात. माहितीये."

 पुढचा सिग्नल येईपर्यंत काकांनी तीनदा चष्मा पुसला.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. वॉर्ड ऑफिसच्या कागदावर काकांची सही हवी होती म्हणून साडेअकराच्या सुमाराला वर गेलो. दार उघडंच होतं. टेबलावर दोन ताटं आधीच मांडलेली. काका स्वयंपाकघरात पाठमोरे उभे होते. त्यांनी पितळेचं माप तांदळात खुपसलं, शिगोशीग भरलं, तळहातानं सपाट केलं आणि पातेल्यात ओतलं. मग थोडा विचार केला.

"ती कष्टाची बाई आहे रे," माझी चाहूल लागून ते म्हणाले, "तिला ह्या मापात नाही भागायचं." आणि डब्यात हात घालून त्यांनी वर आणखी एक मूठ टाकली.