आईंच्या खुर्चीतली बादली

बादली दहा किलोची होती आणि आतलं केकवर लावायचं फ्रॉस्टिंग गारठून दगड झालं होतं. सूनबाईने त्यात चमचा खुपसला, तर चमचाच वाकला. संध्याकाळी पाचला हॉटेलचा मॅनेजर तीन मजली केक न्यायला येणार होता. केक पसंत पडला तर दर रविवारचं काम तिचं, नाही तर समोरच्या बेकरीचं, असं तो तोंडावर सांगून गेला होता. ओळखीपाळखीत वाढदिवसाचे केक करून कंटाळलेल्या सूनबाईला ते काम किती हवं होतं, ते तिचं तिलाच ठाऊक.

तिने दुकानदाराला फोन लावला.

"गॅसवर ठेवू नका हं ताई," तो म्हणाला. "पाणी होईल त्याचं. हलकी ऊब द्या, आणि दर पाव तासाने बादली फिरवत राहा. एकाच बाजूने तापली की संपलं."

"दुसरी मिळेल?"

"आता उद्याच."

बादली मायक्रोवेव्हमध्ये मावेना, पातेल्यात बसेना. तेव्हा तिला आईंची खुर्ची आठवली. सासूबाईंना जाऊन सात महिने झाले होते, पण मागच्या खोलीत त्यांची गोल फिरणारी खुर्ची होती तिथेच होती, आणि गुडघे शेकायची विजेची गादीही तिच्यावर तशीच होती. कुणी हलवली नव्हती. खरं सांगायचं तर कुणाची छाती झाली नव्हती. आई असताना त्या खुर्चीत मांजरसुद्धा बसत नसे.

सूनबाईने मनातल्या मनात माफी मागितली आणि बादली खुर्चीत बसवली. भोवती गादी गुंडाळली, कळ एकवर ठेवली आणि ऊब टिकावी म्हणून वरून आईंचीच करडी शाल लपेटली. बादलीवर एका बाईचा हसरा चेहरा छापलेला होता. शालीतून आता तेवढाच दिसू लागला. तो काही तिला बघवेना. तिने खुर्ची भिंतीकडे वळवली आणि केकचे थर कापायला गेली. घरात चिटपाखरू नव्हतं. नवरा कामावर गेला होता आणि सासरे फिरायला.

पाव तासाने ती परत आली, तर बादलीवरची बाई दाराकडे बघून हसत होती.

आपणच अशी ठेवली असणार, असं तिने स्वतःला समजावलं. खुर्ची पुन्हा भिंतीकडे वळवली आणि जरा घाईनेच बाहेर पडली.

इतक्यात शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या काकू सुरी परत द्यायला आल्या. मागच्या खोलीवरून जाताना त्यांनी आत डोकावलं. "बसा, बसा, उठू नका," असं म्हणून त्या स्वयंपाकघरात आल्या, सुरी ओट्यावर ठेवली, वळल्या आणि एकदम थांबल्या.

"अगं, त्या तर..."

"बादली आहे काकू."

"कोण?"

"फ्रॉस्टिंगची बादली."

"बरं," काकू म्हणाल्या. त्या गेल्यावर सूनबाईला दारात त्यांच्या चपला तशाच राहिलेल्या दिसल्या.

आणि मग तिच्या लक्षात आलं, की आपण खुर्ची भिंतीकडे केली होती. पाठमोरी बादली बघून काकू काही बोलल्या नसत्या. ती पाय न वाजवता खोलीपाशी गेली. बाई दाराकडे बघून हसत होती. गादीची कळ दोनवर होती. आणि ती उंबऱ्यात उभी असतानाच शालीखालून आवाज आला, "हुश्श." आई खुर्चीत टेकताना अगदी असाच सुस्कारा सोडायच्या.

तिने नवऱ्याला फोन केला.

"अरे, आई खुर्ची वळवतायत."

"कोणाची आई?"

"तुझी. आणि गादी मी एकवर ठेवली होती, ती दोनवर झालीये."

"एकवर तिला पुरायचं नाही," तो म्हणाला आणि मीटिंग आहे म्हणून त्याने फोन ठेवला.

साडेतीन वाजले होते. पळून जावं तर केक राहतो. सूनबाईने पदर नसलेल्या ड्रेसची ओढणी डोक्यावरून घेतली आणि खुर्चीपुढे उभी राहिली.

"आई, तुमच्या खुर्चीत बसवली, चुकलं माझं. पण मला हे काम हवंय हो. तुम्ही माझ्या केकला कधी चांगलं म्हणाला नाहीत, ते जाऊ द्या. आज एवढं होऊ द्या."

तिने शाल बाजूला केली. उबेने झाकण एका बाजूने सुटलं होतं. हुश्श करणारं तेच असावं, असा धीर आला. तिने झाकण उचललं. फ्रॉस्टिंग लोण्यासारखं मऊ झालं होतं, आणि मधोमध एक बोट फिरल्याची स्वच्छ खूण होती.

आईंना साखर बंद होती. घरातल्या प्रत्येक भांड्यात अशी खूण सापडायची, आणि विचारलं की त्या म्हणायच्या, "मी नाही."

सूनबाईने झाकण घाईघाईने परत लावलं. तेवढ्यात मागचं दार करकरलं. हातात वर्तमानपत्र घेऊन सासरे आत आले आणि सरळ खुर्चीला हात घालून ती वळवू लागले.

"अप्पा? तुम्ही कधी आलात?"

"केव्हाचा मागच्या पायरीवर वाचत बसलोय. भिंतीकडे तोंड करून काय ठेवतेस गं? तिला दार दिसलेलं बरं वाटायचं." त्यांनी शाल नीट केली. "चार वर्षं दर पाव तासाला मीच वळवायचो, कळही मीच दोनवर करायचो. हात आपोआप जातो बघ."

"आणि बोट?" तिने विचारलं.

"मी नाही," अप्पा म्हणाले. त्यांच्या पांढऱ्या मिशीची डावी बाजू फ्रॉस्टिंग वाळून ताठ उभी होती. दोन पावलं जाऊन ते वळले. "व्हॅनिला कमी पडलाय, एवढं मात्र तिचं म्हणणं आहे."

सूनबाईने अर्धा चमचा व्हॅनिला जास्त घातला. पाच वाजता मॅनेजरने उरलेलं फ्रॉस्टिंग चाखलं, पुन्हा एकदा चाखलं आणि विचारलं, "रविवारी बारापर्यंत जमेल ना?"

शनिवारी नवी बादली आली, तीही दगडच. सूनबाईने ती खुर्चीत बसवली, शाल लपेटली, कळ दोनवर केली आणि बाईचं तोंड दाराकडे केलं. जाता जाता तिने झाकण जरा सैल करून ठेवलं.