एम्पिंग फोटो उघडत नाही!

"तीस! एकदम तीस कॉम्प्युटर!" मोटारसायकल स्टँडवर चढायच्या आधीच हार्जुनो सुरू झाला. "दुपारच्या जेवणापर्यंत या ग्रामकार्यालयातला एकूण एक कॉम्प्युटर एम्पिंगवर चालणार. लारास, शब्द आहे माझा!"

"मास हार्जुनो, आधी गाडी नीट लावा. पडतेय."

पडलीच.

पण आज या मासला, म्हणजे दादाला, गाडीबिडीचं काय! एम्पिंग म्हणजे खरं तर आमच्या जावा बेटावरच्या जोग्जाकडचा कडवट, पातळ, कुरकुरीत पापड. हार्जुनो, लारास आणि आणखी तीन डोकी मिळून कॉम्प्युटर चालवायची जी फुकट प्रणाली बनवतात, तिचंही नाव तेच. कुणीही घ्या, उघडून बघा, बदला, शेजाऱ्याला वाटा. अकरा वर्षं हे पाचजण राबत होते आणि अकरा वर्षांत वापरणारे जमले सहा. ते पाच, आणि लारासची मावशी. मावशीही अशासाठी, की ते काढायचं कसं हे तिला माहीत नव्हतं!

एम्पिंगचा एक नियम होता. पेटंटवाली कुठलीही वस्तू आत घ्यायची नाही. हा नियम हार्जुनोने स्वतः लिहिला होता आणि सोवळ्यातल्या बाईने स्वयंपाकघर सांभाळावं तसा तो सांभाळायचा. आता नव्या महागड्या फोनमध्ये फोटो काढला की तो एचईआयसी नावाच्या प्रकारात साठतो. फोटो चेपून चेपून एवढासा करायची युक्ती. पण त्या युक्तीवर कुठकुठल्या कंपन्यांची पेटंटं. ते फोटो उघडायची सोय एम्पिंगमध्ये घालावी असं गेल्या वर्षी लारासने सुचवलं, तेव्हा पाच माणसांत ईमेलवर असं काही भांडण जुंपलं की दोघं एकमेकांच्या लग्नाला गेले नाहीत. शेवटी हार्जुनो जिंकला. सोय बाहेर! त्या जागी त्याने एक संदेश टाकला. तो संदेश येईलच पुढे. चांगला मोठा येईल.

कार्यालयाच्या मंडपात अजून कुणी आलं नव्हतं. हार्जुनोचा एक पाय सारखा हलत होता. त्याने वायरी लावल्या, काढल्या, परत लावल्या. प्रोजेक्टर पुसला. मग केळीच्या पानातला एक भाताचा लेम्पर उचलून खुर्चीत टेकला आणि दोन मिनिटं त्याचा डोळा लागला.

दोनच मिनिटं हं!

जागा झाला तर समोर बू लुराह उभ्या. गावच्या प्रमुख बाई. ठेंगण्या, हसऱ्या, हातात नवा कोरा फोन.

"दमलात वाटतं, मास?"

"छे छे! विचार करत होतो."

"हो का? तोंड उघडं ठेवून करता तुम्ही विचार," म्हणत त्या आपल्या जागी गेल्या.

तोवर एम्पिंग घ्यायचं की नाही हे ठरवायला वाड्या-वस्त्यांचे प्रमुख एकेक करून आले. टोप्या, बाटिकचे शर्ट, लवंगांच्या सिगरेटींचा वास. सगळ्यांत पुढे पाक ङादिमान; 'पाक' म्हणजे आमच्याकडे काका. पोट आधी, माणूस मागून. त्यांच्या शेजारी पाक सुरोतो, काडीसारखे, सगळ्यात खोट काढणारे.

"फुकट आहे म्हणे," पाक सुरोतो बसता बसता म्हणाले. "फुकट वस्तूत काहीतरी गोम असते."

"पाक, गोम निघाली तर हा कॉम्प्युटर खाऊन दाखवीन!" हार्जुनो गरजला.

"मिरचीबरोबर की नुसताच?" पाक ङादिमाननी विचारलं.

बू लुराहनी फोन पुढे केला. "बाकीचं मग. आधी रविवारच्या गावसफाईचे फोटो दाखवा मोठ्या पडद्यावर. लेकीने फोन दिलाय नवा. ह्याचे फोटो उघडतील ना?"

लारासने हार्जुनोच्या पायावर पाय दिला. त्याला वाटलं, पोरगी धीर देतेय.

"बू लुराह! असा फोटो जगात जन्माला यायचाय जो एम्पिंग उघडत नाही!"

त्याने वायर जोडली, फोनमधलं सगळंच्या सगळं कॉम्प्युटरवर ओढून घेतलं आणि 'सर्व उघडा' वर ऐटीत बोट मारलं.

पडद्यावर फोटो नाही. एक खिडकी उमटली, तांबडी भडक: 'हा फोटो पेटंटच्या साखळदंडात जखडलेला आहे! एम्पिंग साखळदंडांना हात लावत नाही. स्वातंत्र्याचा विजय असो!' खाली एक बटण, 'विजय असो'.

हार्जुनोने बटण दाबलं. दुसरी खिडकी. दाबलं. तिसरी. फोनमध्ये फोटो होते काही शे! प्रत्येक फोटोमागे एक खिडकी. दाबतोय, दाबतोय, विजय काही संपेना!

"गावसफाई कुठाय यात?" पाक सुरोतो.

"साखळदंड कुणाला घालणारेत?" मागून कुणीतरी.

"मास," लारास त्याच्या कानाशी लागली, "एक ओळ टाइप केली की ती सोय इंटरनेटवरून उतरून बसते. मी टाकू का?"

"खबरदार! नियम मी लिहिलाय!"

"मग घ्या, विजय दाबत बसा."

एवढ्यात हार्जुनोच्या डोक्यात वीज चमकली. "बू लुराह, असं करा! तेच फोटो फोनवरून व्हॉट्सॲपवर पाठवा. तिकडून जाताना ते साध्या प्रकारात बदलतात. मग उघडतीलच!"

"तुमच्या नंबरावर?"

हार्जुनो ओशाळला. व्हॉट्सॲप हे मुक्त सॉफ्टवेअर नव्हे, म्हणून तो ते वापरतच नव्हता. "लारासच्या," तो पुटपुटला.

"हिचा नंबर कोण शोधत बसतंय! गावाच्या ग्रुपवर टाकते, तिथून घ्या." बू लुराहनी चष्मा कपाळावर चढवला, बोटाने भराभर निवडलं, सोडलं.

टिंग!

टिंग टिंग! टिंगटिंगटिंगटिंग! मंडपात चहाचे पेले हलावेत असा आवाज सुरू झाला. जो तो खिशातून फोन काढू लागला.

गावसफाई नव्हतीच ती! चुकून भलताच अल्बम गेला होता. 'बैठका'. नवा फोन आल्यापासूनच्या सगळ्या बैठकांत झोपलेल्या प्रमुखांचे फोटो. पाक ङादिमान खुर्चीत, मान मागे, तोंडाचं भगदाड. पाक सुरोतो टेबलावर आडवे, गालाखाली अंदाजपत्रक. एकजण दुसऱ्याच्या खांद्यावर, तो तिसऱ्याच्या. अख्ख्या गावाला एकाच वेळी!

"बू लुराह! हे काय?" पाक ङादिमान ओरडले.

"पुरावा," बाई थंडपणे म्हणाल्या. "बैठकीत आम्हाला काहीच सांगितलं नाही असं तुम्ही दरवेळी म्हणता ना, म्हणून."

"माझ्या बायकोचा फोन येतोय!"

"माझ्या तर सासूचा!"

कालवा झाला नुसता. लेम्पर सांडले, खुर्च्या सरकल्या. हार्जुनोने कपाळावर हात मारला. गेले! तीस कॉम्प्युटर गेले, अकरा वर्षं गेली, परत मावशीच राहिली! तो हळूच टेबलाखाली शिरला, कीबोर्ड मांडीवर ओढला. इकडेतिकडे बघितलं. आणि स्वतः बंदी घातलेली ती एक ओळ स्वतःच टाइप केली.

पण सगळं गाव झोपलेले प्रमुख डाउनलोड करण्यात गुंतलेलं, इंटरनेट चालणार कसं? पडद्याच्या कोपऱ्यात हिरवी पट्टी गोगलगायीसारखी सरकू लागली.

तेवढ्यात वर पाक सुरोतोंचा आवाज आला. "थांबा, थांबा. एक मिनिट. मगाशी या यंत्रावर बू लुराहच्या फोनचे फोटो उघडले नाहीत. बरोबर?"

"बरोबर," लारास.

"कधीच उघडणार नाहीत?"

"कधीच नाही!" लारास छाती पुढे काढून म्हणाली. "नियम आहे आमचा. मास हार्जुनोंनी लिहिलाय. जीव देतील, पण मोडणार नाहीत."

प्रमुखांनी एकमेकांकडे पाहिलं. असं एकमत त्या मंडपात आधी कुणी बघितलं नसेल.

"मग हेच पाहिजे!"

"तिसांच्या तीस!"

"माझ्या वाडीतल्या शाळेतही बसवा!"

आमच्याकडे हात वर करून मोजायची पद्धत नाही. सगळ्यांच्या माना हलेपर्यंत बोलायचं, आणि एकदा सगळ्या माना हलल्या की बू लुराहसुद्धा शब्द फिरवू शकत नाहीत. बाईंनी एक सुस्कारा टाकला. त्यांचीही मान हलली.

टेबलाखाली हार्जुनोने हे सगळं ऐकलं. तो बटणामागून बटण दाबायला लागला. थांब! थांब ना बाई! पट्टी थांबेना. वायर उपटायला गेला तर प्रोजेक्टरची समजून पंख्याची उपटली. मंडपात उकडायला लागलं आणि पट्टी शेवटाला टेकली.

टक्!

उरलेल्या सगळ्या तांबड्या खिडक्या नाहीशा झाल्या. पडद्यावर फोटो उघडला. भिंतभर, लखलखीत, सगळ्यात ताजा, आज सकाळचा. खुर्चीत पसरलेला हार्जुनो. डोळे मिटलेले, जबडा खाली, लेम्पर छातीवर, ओठाच्या कोपऱ्यात भाताचं एक शीत. टी-शर्टवर मोठी अक्षरं: 'जागे व्हा! स्वातंत्र्य मागा!'

"उघडतंय की!" बू लुराह हरखल्या.

टेबलाखालून खरा हार्जुनो बाहेर आला. कीबोर्ड हातातच.

लारासने पडद्याकडे पाहिलं, कीबोर्डकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "मास, जीव दिलात वाटतं?"

सगळ्यात आधी पाक ङादिमानचं पोट हलायला लागलं. मग ते स्वतः. मग अख्खा मंडप! "अरे, हा तर आपल्यातलाच निघाला!" म्हणत त्यांनी हार्जुनोच्या पाठीत असा धपका घातला की तो पुन्हा टेबलाखालीच जायचा राहिला.

तीस कॉम्प्युटर मिळाले. अट एकच. ती पेटंटवाली सोय हार्जुनोने सगळ्यांसमक्ष, आत्ताच्या आत्ता काढायची. आयुष्यात इतक्या आनंदाने त्याने काही पुसलं नव्हतं. पुसताना बू लुराहनी त्याचाही एक फोटो काढला.

आता नियम मोडल्याची शिक्षा. ती ईमेलवर ठरली आणि या प्रकल्पाच्या इतिहासात पहिल्यांदाच कुणी भांडलं नाही. तो लेम्परवाला फोटो साध्या, कुणाचंही पेटंट नसलेल्या प्रकारात बदलायचा, आणि एम्पिंगच्या पुढच्या आवृत्तीत तोच प्रत्येक पडद्याची पार्श्वभूमी म्हणून लावायचा. कुणीही घ्या, बघा, शेजाऱ्याला वाटा!

आवृत्ती निघाली त्याच दिवशी लारासच्या मावशीचा फोन आला.

"अगं, ते तुमचं एम्पिंग राहू दे मेलं. पण हा झोपलेला बाप्या काढायचा कसा?"