शेवंतामावशीचा पाव्हणा

शेवंतामावशी एकटी राहायची आणि धान्य दोघांचं मापायची. जात्यावर बसण्याआधी सुपातली एक ओंजळ ज्वारी काढायची आणि कोपऱ्यातल्या वेगळ्या मडक्यात टाकायची. बेंबळीच्या शाळेत बदली होऊन मी तिच्या शेजारी राहायला आलो, तेव्हा न राहवून विचारलं, "मावशी, हे कुणाचं?"

"पाव्हण्याचं."

"कधी येणार पाहुणा?"

"यील तवा यील. त्याला उपाशी लावून दिऊ व्हय?"

बहात्तरच्या दुष्काळात ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. तिथं मजुरांना खायला मिळणारी सुकडीसुद्धा अर्धी पदराला बांधून घरी न्यायची. मुकादम म्हणाला, "मावशे, दुष्काळात तरी पाव्हण्याला रजा दे की!" ही हातोडा न थांबवता म्हणाली, "दुष्काळात तर त्यो आदी यील."

पाव्हण्याचं मात्र बरं चाललं होतं. त्याच्या वाट्याची साठलेली ज्वारी विकून शेळी आली, करडं विकून म्हैस आली. गावात दूध सोसायटी निघाली तशी मावशी रोज सकाळी किटली घेऊन रांगेत पहिली. स्वतः कोरा चहा प्यायची. मी पगारदार माणूस, पण दहा तारखेनंतर तिच्याकडं पीठ मागायला उभा. ती द्यायची, आपल्या वाट्यातलं. वर सुनवायची, "मास्तर, तुमच्या घरात समद्यास्नी पाट हाय, फकस्त उद्याला न्हाय." मला राग यायचा. खरं होतं म्हणूनच यायचा.

एकदा तिचा पुतण्या आला. म्हणाला, "काकी, एकल्या जिवाला म्हस कशाला? इकू, अन् फटफटी घिऊ."

"म्हस माजी न्हाय, पाव्हण्याची हाय. त्यालाच इचार."

"म्हातारीला याड लागलंय!" असं म्हणत तो निघाला. मावशी उंबऱ्यावर उभी राहून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, "लागू दे! माजं याड माज्या दावणीला हाय, तुज्या न्हाय!" तो पुन्हा फिरकला नाही.

पुढं काही वर्षांनी एका दुपारी तिनं मला हाक मारली. चुलीपुढं दोन ताटं वाढलेली. दोन्हींत दुधाची वाटी. त्या घरात दूध वाढलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"आला बगा पाव्हणा."

मी इकडंतिकडं पाहिलं. कुणी नव्हतं. तिनं दोन्ही हात पुढं केले. बोटं वाकडी झाली होती, मुठी मिटत नव्हत्या.

"ह्यो काय. म्हातारपण. लेक न्हाय, सून न्हाय. म्हनलं, यील तवा कुनाच्या दारात उभं ऱ्हायाला नगं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पाहिलं आणि पाट माझ्याकडं सरकवला.

"बसा, मास्तर. त्याच्यासाटी समदं साठिवलं. त्याच्यासंगं जेवाया मानूस तेवढं साठवाया इसरले."

मी बसलो. दोन घास झाल्यावर ती म्हणाली, "अन् सांजच्याला धार काढाया शिका. पाव्हण्याला जमत न्हाय."