तीस इंची गाडी

पुंडलिककाकांनी शिवलेल्या माझ्या पहिल्या सदऱ्याची डावी बाही उजवीपेक्षा बोटभर लांब झाली. माप घेताना ते दंडापाशी आले होते, तेवढ्यात दुकानात बसलेला कुणीतरी म्हणाला, "दिग्रसच्या टेशनावर पान्याची टाकी होती." काका टेप माझ्या खांद्यावर तसाच सोडून त्या माणसापाशी जाऊन बसले. "कोन्या अंगाले होती? इंजिन उभं राहे तं टाकी डाव्या हाताले का उजव्या?" तो माणूस गोंधळला. काका परत आले आणि बाहीचं माप त्यांनी अंदाजानं टाकलं.

मी तेव्हा पुसदला मास्तर म्हणून नवा होतो. आमचा जिल्हा नुकताच मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आला होता. त्या अदलाबदलीवर गावात पारापारावर चर्चा चाले. काकांना तिचं सोयरसुतक नव्हतं. त्यांना दारव्हा-पुसद गाडीची काळजी होती, आणि ती गाडी तर बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. लढाईच्या दिवसांत तिचे रूळ उखडून नेले. उरला तो नुसता मातीचा भराव. त्यावर आता गवत आणि बकऱ्या.

मी काकांच्याच घरात पुढच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. मागच्या अंगणात ती गाडी हळूहळू परत उगवत होती. मोडक्या छत्र्यांच्या काड्यांचे रूळ. बांबूच्या चिपांचे स्लीपर. कापडाच्या ठाणातल्या पुठ्ठ्याचे डबे. मशीनच्या तेलाच्या डब्याचं इंजिन, आणि त्याच्या पोटात गजराच्या घड्याळाची कमान. चाकं म्हणून दोऱ्याची लाकडी रिळं, कारण त्यांना दोन्ही कडांना काठ असतो. "रुळावरून घसरत नाई ना मंग," काका म्हणत. घराच्या पायरीपाशी पुसद होतं, विहिरीपाशी दारव्हा.

"दोन रुळांत अंतर किती, सांगा मास्तर?"

"किती?"

"तीस इंच! तुमच्या हेडमास्तरची कंबर चाळीस हाय. म्या सोता मोजली. म्हंजे हेडमास्तर गाडीपेक्षा रुंद!" हे ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. एकदा खुद्द हेडमास्तरांनाच सांगितलं. त्यानंतर त्यांचे कोट यवतमाळला शिवले जाऊ लागले.

गिऱ्हाईक आलं की आधी विचारणा, मग माप. "पूल किती कमानीचा होता?" एक म्हणे तीन, दुसरा म्हणे चार. काकांनी पूल तीनदा मोडून चारदा बांधला. कारण गंमत अशी, की काका स्वतः त्या गाडीत एकदाही बसले नव्हते.

आणि घरात काकू होत्या. दारव्ह्याच्या लेक. त्या अंगणात पाणी भरायला येत, रूळ ओलांडून जात, पण खाली बघत नसत. मला नवल वाटे. एकदा मी म्हणालोच, "गावाला कशाला विचारता? काकूंनाच विचारा ना."

काकांच्या हातातला खडू कापडावर थांबला.

"तिले नाई इचारता येत, मास्तर."

मग आपणच बोलू लागले. "दर दिवाळीले ते गाडीनं माहेरी जाये. एकलीच. मले दिवाळीचं शिवन राहे. म्या म्हनो, पुढल्या साली येतो. वापस आली का हप्ताभर गाडीच्याच गोष्टी सांगे. अर्धं माहं ध्यान मशीनवर. मंग आवई उठली का गाडी बंद होनार. ते म्हने, आता तरी चाला, बाबाची तब्येत बरी नाई, दोघाले संगं पाहाचं म्हनतेत. तिकिटं काढलीत. पन लग्नाचे दोन कोट बाकी होते... म्या टेशनावर पोचलो तं गाडी तिले घेऊन गेलती."

"मग?"

"मंग काय. भांडली असती तं बरं झालं असतं. त्या दिसापासून तिनं गाडीचं नावच सोडलं."

हिवाळ्यातल्या एका दुपारी काकांची लाइन पुरी झाली. ऊन अंगणात सायीसारखं पसरलं होतं. मी दारात उभा होतो. काकांनी कमानीला किल्ली दिली, तोंडानंच शिटी वाजवली. गाडी खडखडत निघाली, तुळशीजवळच्या दिग्रसपर्यंत गेली आणि वळणावर आडवी झाली. काकांनी उचलून ठेवली. परत आडवी.

"तिथी वळन नाई."

काकू स्वयंपाकघराच्या दारात होत्या. हाताला ज्वारीचं पीठ.

"वळन टेशनच्या पुढं होतं. अन् हे काडीची बाभूळ कायले रोवली? चिंच होती तिथी. हे एवढी मोठी!"

काका रूळ सरकवू लागले. काकू आत गेल्या. मला वाटलं, संपलं. पण त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. रुळाशेजारी त्यांनी फतकल मारली.

"बसा. खिडकीपाशी मी बसते. तुमी इकून."

काका बसले. गाडी निघाली आणि काकू सांगू लागल्या. इथं पळसाचं रान. इथं गाडी एवढी सुस्त चाले का मानसं उतरून बोरं तोडत अन् पळत येऊन चढत. इथं तांड्यावरच्या बाया डोक्यावर लाकडं घेऊन उभ्या राहत, त्यांच्या घागऱ्यांवरचे आरसे चमकत. कमान संपून गाडी केव्हाच थांबली होती. दोघांपैकी कुणी किल्ली दिली नाही.

दिग्रस आल्यावर काकूंनी फडकं सोडलं. भाकर, ठेचा. अर्धी भाकर त्यांनी काकांच्या हातावर ठेवली.

काका भाकरीकडे बघत म्हणाले, "तुह्या बाबानं इचारलं का मले, त्या दिशी?"

"इचारलं ना. डोये दाराकडेच होते त्यायचे."

"तू काय म्हनलं?"

"म्हनलं, सामान उतरवून राह्यले. येतेत."

काकांनी तोंड फिरवलं. काकूंनी ठेचा त्यांच्या भाकरीवर ठेवला.

"खा आता," त्या म्हणाल्या. "दारव्हा यायले टाइम हाय."